हनुवटीची रेघ

ह्यांची पहिली लाथ मला बसली ती २०१४ च्या पावसाळ्यात. पहाटेचे साडेतीन-चार वाजले असतील. झोपेतच "मागे घे, अरे गाडी मागे घे!" असं ओरडले आणि पाय असा झाडला की मी पलंगाच्या कडेला जाऊन पडले. हे तेव्हा नुकतेच एसटीतून निवृत्त झाले होते. वाहतूक नियंत्रक म्हणून सगळी नोकरी केलेली, त्यातली बरीच वर्षं ठाण्यात खोपटच्या स्टँडवर. हलवून उठवलं तर लगेच भानावर आले आणि स्वप्न जसंच्या तसं सांगितलं: ब्रेक गेलेली गाडी फलाटावर चढत होती, समोर एक लहान मूल होतं.

पुढे हे महिन्यातून दोनदा, मग आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं. मी दिवाणखान्यातला लोड आणून पलंगावर मधोमध ठेवला. एकदा ह्यांनी भिंतीवर बुक्की मारली, बोटांची सालं निघाली. तेव्हा एका डॉक्टरांकडे गेलो. "निवृत्तीनंतर होतं असं, मनावर ताण असतो," म्हणून त्यांनी झोपेची गोळी दिली. ती आम्ही आठ दिवसांत बंद केली, कारण सकाळी हे झिंगल्यासारखे चालायचे. लोड मात्र राहिला. आठ वर्षं राहिला.

त्या आठ वर्षांत आणखीही गोष्टी झाल्या, पण त्या एका माळेतल्या आहेत हे आमच्या लक्षात आलं नाही. दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास सुटला, आणि हे शेजारच्याच खोलीत शांतपणे पेपर वाचत बसलेले. बद्धकोष्ठता सुरू झाली. मग बँकेतून फोन आला की चेकवरची सही जुळत नाही. मी दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या. पहिलं अक्षर पूर्वीसारखंच टपोरं होतं, पण आडनावापर्यंत येता येता अक्षरं मुंगीएवढी झाली होती. तळावपाळीवर फिरताना उजवा हात हलत नाही, अंगाला चिकटून राहतो, हे मुलाने दिवाळीला आल्यावर पाहिलं. घरच्या माणसाला ते दिसत नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये न्यूरॉलॉजिस्टनी कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, निदान केलं. त्यांनी ह्यांना चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, मनगट हलवून पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काकू, झोपेत हातपाय झाडतात का? ओरडतात का?"

मी म्हटलं, "आठ वर्षं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, मेंदूचा धडा किती वेळा शिकवला याची गणती नाही. मोठा मेंदू, लहान मेंदू, लंबमज्जा, सगळं फळ्यावर काढलं. पण माणूस स्वप्न पाहत असताना मेंदू त्याचे स्नायू मुद्दाम ढिले करून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणात धावत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. हा लगाम मेंदूच्या खोडात असतो. तो सुटला की माणूस स्वप्न जगायला लागतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात शेंक आणि महोवाल्ड या दोघांनी १९८६ मध्ये हा विकार पहिल्यांदा नीट मांडला. पुढे त्यांनीच आपल्या पन्नाशीपुढच्या २९ पुरुष रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा काही वर्षांत ३८ टक्क्यांना कंपवातासारखा आजार झालेला आढळला. आणखी काळ गेल्यावर तो आकडा ८१ टक्क्यांवर गेला. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या १,२८० रुग्णांची माहिती एकत्र केली, त्यात बारा वर्षांत जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांना कंपवात किंवा त्याच्या जातीतला एखादा आजार झाला होता.

घरी येताना रिक्षात मी एक शब्द बोलले नाही. आमच्या पलंगावरचा लोड मला दिसत होता.

ह्यांना लिव्होडोपाची गोळी सुरू झाली. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, कारण डाळ-दूध यांतल्या प्रथिनांबरोबर ती नीट शोषली जात नाही. हात सुटा झाला, सही पुन्हा मोठी झाली. रात्री मात्र तशाच राहिल्या. उलट एकदा हे पलंगावरून खाली पडले आणि टीपॉयची कड भुवईला लागली, चार टाके पडले. मग डॉक्टर म्हणाले, स्लीप स्टडी करून घेऊ. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसांचेही हातपाय असेच झाडले जाऊ शकतात, तेव्हा आधी खात्री हवी.

ती रात्र मी विसरणार नाही. सूचना आधीच आल्या होत्या: दुपारी झोपायचं नाही, जेवणानंतर चहा-कॉफी नाही, डोकं शाम्पूने धुऊन यायचं, तेल अजिबात नको. ह्यांनी आयुष्यात एक दिवस डोक्याला खोबरेल लावायचं सोडलं नव्हतं, त्यामुळे सकाळी दोनदा धुवावं लागलं. रुग्णालयात रात्री साडेआठला तंत्रज्ञ मुलगा आला. त्याने शिंप्यासारखी टेप घेतली आणि कपाळापासून मानेपर्यंत, कानापासून कानापर्यंत डोकं मोजलं, लाल पेन्सिलने खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर चिकट लेप आणि त्यात एक वायर. मग डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, दोन्ही नडग्यांवर. छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. छतात कॅमेरा. सगळ्या वायरींची वेणी करून त्याने ती उशीमागच्या डबीत खोवली. हे इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "एवढ्यात झोप येईल का रे बाबा?" तो मुलगा म्हणाला, "येते काका. सगळ्यांना येते."

आली. मला नाही आली. मी शेजारच्या बाकावर पडून होते. दोनच्या सुमारास नडगीवरची वायर निघाली म्हणून तो मुलगा पावलं न वाजवता आत आला, चिकटवून गेला. चार वाजता ह्यांचा उजवा हात वर आला. हा हात मी ओळखते. गाडी मागे घेताना चालकाला खूण करायचा हात: पंजा स्वतःकडे, दोन-दोनदा, "मागे, मागे." डोळे मिटलेले. आणि मग लाथ.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी पडद्यावर नोंद दाखवली. श्वास ठीक होता. एका पानावर तीस सेकंदांची झोप, अशी शेकडो पानं. "ही डोळ्यांची रेघ बघा काकू, झपाझप हलतेय, म्हणजे स्वप्नांची झोप. आता खाली ही हनुवटीची रेघ. या वेळी ती सपाट हवी." खडूने फळ्यावर पट्टी धरून ओढलेली सरळ रेघ माझ्या डोळ्यांपुढे आली. ह्यांची रेघ काटेरी झुडपासारखी होती, पानामागून पानं तशीच. इतकी वर्षं ज्याला मी वाईट स्वप्नं म्हणत होते, ते तिथे कागदासारखं स्वच्छ दिसत होतं.

औषध काय, यावर डॉक्टरांनी वेळ घेतला. क्लोनाझेपाम हे यावरचं जुनं औषध, पण कंपवातात तोल आधीच गेलेला असतो. रात्री लघवीला उठताना माणूस पडला तर खुब्याचं हाड जातं. म्हणून त्यांनी मेलाटोनिन सुचवलं. सुरुवातीला तीन मिलिग्रॅम, झोपण्याआधी तासभर, पुढे सहा. मी वही घातली. तारीख, ओरडणं, हात, पाय, पडणं, असे रकाने. पहिले दहा दिवस काहीही फरक नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पायाच्या रकान्यात कोरी घरं दिसायला लागली. जूनमध्ये तीसपैकी एकोणीस रात्री गोंधळाच्या होत्या, सप्टेंबरमध्ये सात. नंतर मी वाचलं की २०२० मध्ये कंपवाताच्या ३० रुग्णांवर नीट तुलना करून चाचणी झाली होती, निम्म्यांना मेलाटोनिन आणि निम्म्यांना दिसायला तशीच बिनऔषधाची गोळी, आणि त्यात या झोपेतल्या हालचाली कमी झाल्या नाहीत. ते वाचून मन खट्टू झालं. माझ्या वहीत एकाच माणसाच्या रात्री आहेत. पण त्या रात्री मी मोजलेल्या आहेत, आणि त्यांतल्या कोऱ्या घरांबद्दल मी कृतज्ञ आहे.

इथपर्यंत मेलाटोनिन माझ्यासाठी झोपेची गोळी होती. मग माझ्या पुतण्याचा, म्हणजे दिरांच्या मुलाचा, अमेरिकेहून फोन आला. "काकू, हे मेंदूच्या पेशी वाचवतं म्हणे. काकांना जास्त दे ना. मी दहा मिलिग्रॅमच्या पाठवतो." मी त्या रात्री वाचायला बसले, आणि पुढे कित्येक महिने वाचतच राहिले.

मेलाटोनिन १९५८ मध्ये येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांनी वेगळं काढलं. ते त्वचारोगतज्ज्ञ. गुरांच्या मेंदूतल्या शंकूग्रंथी गोळा करून त्यांतून एक पदार्थ त्यांनी मिळवला, जो बेडकाच्या कातडीचा रंग फिका करायचा. रंगद्रव्याला मेलानिन म्हणतात, त्यावरून हे नाव. झोपेशी त्याचं नातं नंतर उलगडलं: अंधार पडला की तांदळाच्या दाण्याएवढी ही ग्रंथी ते रक्तात सोडते, उजेड डोळ्यांत गेला की थांबते. आणि कंपवातात ज्या पेशी मरतात त्या मेंदूच्या कृष्णद्रव्यातल्या. तो भाग काळा दिसतो तोही एका प्रकारच्या मेलानिनमुळेच. पेशी मेल्या की तो फिका पडतो. असं चित्र मी पाहिलं, निरोगी मेंदूचा काप आणि कंपवाताचा काप, शेजारी शेजारी. एकात काजळाची रेघ, दुसऱ्यात ती पुसल्यासारखी.

याच सुमाराला माझ्या बहिणीची मुलगी नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत नेमक्या याच विषयावर काम करतेय हे मला कळलं. ती म्हणाली, "मावशी, वाचत कशाला बसतेस, बघायला ये." रीतसर परवानगी काढून तिने मला बोलावलं. ठाण्याहून पनवेल लोकलने घणसोलीला उतरले.

तिने मला कोट दिला, हात धुवायला लावले आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. चपट्या बाटलीत गुलाबी पाणी, तळाला पेशी. टोकदार, लांबट, शेपट्या फुटलेल्या, एकमेकींना धरून. या पेशी मूळ आल्या चार वर्षांच्या एका मुलीकडून, तिला चेतापेशींचा कर्करोग होता. १९७० मध्ये तिच्या अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशींचा हा वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो. मी बराच वेळ डोळा काढलाच नाही. त्या मुलीचं पुढे काय झालं, हा विचार मनातून जाईना.

पेशींना कंपवात कसा द्यायचा, हेही भाचीने सांगितलं. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण माणसं अचानक पुतळ्यासारखी ताठ झाली. त्यांनी नशेसाठी जे घेतलं होतं त्यात बनवताना चूक होऊन एमपीटीपी नावाचं द्रव्य तयार झालं होतं. लँगस्टन नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनी ते शोधून काढलं. हे द्रव्य मेंदूत गेलं की त्याचं विष बनतं, डोपामाइन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, बनवणाऱ्या कृष्णद्रव्यातल्या पेशी ते आपलंच समजून आत ओढून घेतात, आणि ते पेशींच्या वीजघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, पहिल्याच टप्प्यावर जाऊन बसतं. ऊर्जा बंद, आणि जे इलेक्ट्रॉन पुढे जायचे ते गळून घातक मुक्तकणांचा मारा सुरू होतो. कंपवाताच्या रुग्णांच्या कृष्णद्रव्यातही हाच पहिला टप्पा दुबळा झालेला आढळतो. म्हणून हे विष आता जगभर प्रयोगांत वापरतात.

मेलाटोनिन तिथे काय करतं? ते पाण्यातही विरघळतं आणि चरबीतही, त्यामुळे रक्तातून मेंदूत, पेशीत, पेशीच्या वीजघरापर्यंत सहज शिरतं. मुक्तकणांना इलेक्ट्रॉन देऊन निष्प्रभ करतं, आणि त्यात ते खर्ची पडलं तरी त्याचे उरलेले तुकडेही तेच काम करत राहतात. पेशीची स्वतःची संरक्षक विकरं वाढवतं. अल्फा-सायन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या ज्या गुठळ्या या आजारात साचतात, त्या जमायलाही परीक्षानळीत ते अडथळा आणतं. आपल्या कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायॉलॉजीत मोहनकुमार यांच्या गटाने २००४ मध्ये उंदरांवर आणि २००७ मध्ये रोटेनोन हे कीटकनाशक दिलेल्या मोठ्या उंदरांवर काम केलं, दोन्ही वेळा मेलाटोनिनने विषामुळे होणारी हानी कमी केली. ठाण्यात बसून हे वाचताना मला खूप बरं वाटलं होतं.

पण भाचीने दुसरी बाजूही दाखवली. २००१ मध्ये अमेरिकेत उंदरांना दीर्घकाळ मेलाटोनिन देऊनही पेशी वाचल्या नाहीत. २०१० च्या एका प्रयोगात तर रोटेनोनसोबत ते दिल्यावर हानी वाढली. प्राणी कोणता, विष कोणतं, डोस किती, दिवसातल्या कोणत्या वेळी, किती दिवस, सगळ्याने फरक पडतो. आणि माणसांत? २००७ मध्ये १८ रुग्णांना चार आठवडे तीन मिलिग्रॅम दिलं, झोप बरी झाल्याचं त्यांनी सांगितलं, हालचालींत सुधारणा नाही.

मग तिने प्लेट काढली. तळहातापेक्षा जरा मोठी, पारदर्शक, ९६ खळगे, प्रत्येकात काही हजार पेशी. त्यात आदल्या दिवशीपासूनचं काम होतं. तिने पिवळं रसायन घातलं. जिवंत पेशी त्याचं जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात, मेलेल्या करत नाहीत. साडेतीन तास थांबलो, डबा खाल्ला. मग तिने स्फटिक विरघळवले आणि प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवली. पहिल्या ओळी गर्द, पिकलेल्या जांभळासारख्या: या निरोगी. पुढच्या ओळी अगदी फिक्या, पाण्यात शाईचा थेंब पडावा तशा: यांना विष दिलेलं. आणि त्यापुढच्या ओळी मधल्या रंगाच्या, कोकमाच्या सरबताच्या. यांना विष दिलं होतं आणि मेलाटोनिनही. डोळ्यांनी दिसत होतं. माझा घसा दाटून आला. म्हटलं, "अगं, वाचल्या की."

ती जरा थांबली. "मावशी, यात मेलाटोनिन आधी दिलंय. दोन तास आधी. मग विष."

मी प्लेटकडे बघत राहिले. हाताचा कंप सुरू होऊन माणूस डॉक्टरांसमोर बसतो तोवर कृष्णद्रव्यातल्या साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात. ह्यांना गोळी सुरू झाली ती नंतर. आधी म्हणजे कधी? आधी म्हणजे २०१४. आधी म्हणजे तो लोड. तेव्हा कोणी ओळखलं असतं तरी रोग थांबवणारं सिद्ध झालेलं औषध हाताशी नव्हतं, आजही नाही, हे मला माहीत आहे. तरी संशोधकांना ज्या वेळेची गरज आहे ती वेळ आमच्या घरात आठ वर्षं होती आणि आम्ही मधे लोड ठेवून झोपत होतो, हे मनातून जात नाही. म्हणून मी आता कचराळी तलावाच्या फेरीत कोणी "आमचे हे झोपेत फार बडबडतात" म्हणालं की थांबून विचारते: हातपाय झाडतात का, त्यांना वास कळतो का. दोघींना मी डॉक्टरांकडे पाठवलंय.

अमेरिकेच्या गोळ्यांचं सांगायचं राहिलं. मी हिशेब केला होता. उंदराला किलोमागे दहा मिलिग्रॅम दिलं तर माणसासाठी त्याला सुमारे बाराने भागतात. ह्यांचं वजन बासष्ट, म्हणजे साधारण पन्नास मिलिग्रॅम. दहाच्या पाच गोळ्या. तो कागद घेऊन मी डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी हिशेब बरोबर आहे म्हणून सांगितलं आणि मग समजावलं की २००५ मध्ये ४० रुग्णांना पन्नास मिलिग्रॅम देऊन पाहिलंय, पण झोपेसाठी, दोन आठवडे. पेशी वाचतात का हे त्यात तपासलेलं नाही. शिवाय कॅनडात २०१७ मध्ये बाजारातली ३१ मेलाटोनिन उत्पादनं तपासली, तेव्हा काहींत छापल्यापेक्षा फारच कमी तर काहींत चौपटीहून जास्त निघालं. गोळ्या मी पाठवू नकोस म्हणून सांगितलं. सहावरच आहोत.

जे करता येतं ते करतो. शयनगृहाच्या खिडकीसमोर रस्त्याचा पांढरा दिवा आहे, तिथे जाड पडदा लावला. नऊनंतर फोन बाहेरच्या खोलीत. सकाळी सातला उन्हात फेरी, कारण कंपवातात शरीराचं स्वतःचं मेलाटोनिनही रात्री पुरेसं चढत नाही. २०१४ मध्ये २० रुग्णांच्या रक्ताची दिवसरात्र तपासणी करून हे दाखवलंय. दिवसा भरपूर उजेड आणि रात्री पुरता अंधार, एवढं आमच्या हातात आहे. गादी आता जमिनीवर आहे, टीपॉय गेला.

त्या दिवशी निघताना मी भाचीला विचारलं होतं, "आणि नंतर दिलं तर?" ती म्हणाली, तिच्या योजनेत ते नव्हतं, पण सरांना विचारते. विचारलं. दोन ओळी वाढवल्या: एकीत विषानंतर दोन तासांनी, एकीत सहा तासांनी. पहिली प्लेट जंतू शिरून फुकट गेली. या आठवड्यात पुन्हा लावली आहे. हे सगळं मी ह्यांना रोज सांगते. काल रात्री गोळी घेताना ह्यांनी पेला खाली ठेवला, दोन्ही हातांनी, सावकाश, आणि म्हणाले, "पोरीचा फोन आला का गं? काय रंग आला?"

म्हटलं, शनिवारी कळेल.